आतड्यातला उपसा



अध्यक्षीय भाषणात औषधव्यवसायापुढच्या सगळ्या प्रश्नांचा परामर्श घ्यावा, अशी रीत आहे. ती मोडून मी आज एकाच प्रथिनाबद्दल बोलणार आहे.

शोषणाचा पाठ शिकवताना आपण सांगतो : गोळी विरघळते, रेणू स्निग्धविद्राव्य असेल तर पेशीच्या पटलातून आत शिरतो, रक्तात मिसळतो. इथे आपण थांबतो, आणि मुलांना वाटतं, आतडं म्हणजे नुसती चाळणी. प्रत्यक्षात लहान आतड्याच्या पेशींवर, अन्नाच्या बाजूच्या पटलात, उपसा करणारे पंप बसलेले आहेत. त्यांतला सर्वांत परिचित पी-ग्लायकोप्रोटीन. १२८० अमिनो आम्लांची ही साखळी पटलातून बारा वेळा आरपार जाते. पेशीत पोचलेला रेणू तो बाहेर काढतो, हे झालं अर्धं वर्णन. पुष्कळदा तो रेणूला पटलाच्या स्निग्ध थरातच गाठतो. रेणू पंपाच्या खोबणीत शिरतो, पेशीचं इंधन असलेलं एटीपी येऊन चिकटतं, आतल्या बाजूला उघडी असलेली खोबण मिटून बाहेरच्या बाजूला उघडते आणि रेणू पुन्हा आतड्याच्या पोकळीत जाऊन पडतो. मग एटीपीचं विघटन होतं आणि पंप पुढच्या रेणूसाठी मोकळा होतो.

टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग यांनी १९७६ साली हे प्रथिन शोधलं, ते कोल्चिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या हॅम्स्टरच्या पेशींत. पुढची दहा वर्षं त्याच्याकडे औषधांना न जुमानणाऱ्या कर्करोगाच्या पेशींची खोडी म्हणूनच पाहिलं गेलं. १९८७ मध्ये ते निरोगी आतड्यात, यकृतात आणि मूत्रपिंडात दिसलं, तेव्हा उलगडा झाला : ही तर शरीराचीच जुनी सोय, कर्करोगाने उसनी घेतलेली.

ती सोय किती मोलाची, हे अपघाताने कळलं. ॲमस्टरडॅमला शिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पंपाचं जनुक निकामी केलेले उंदीर वाढवले होते. पिंजऱ्यांत बारीक किडे झाले, म्हणून आयव्हरमेक्टिन फवारलं. साधे उंदीर ठणठणीत राहिले, पंप नसलेले मेले. नंतर मोजलं, तर त्यांच्या मेंदूत औषध सुमारे ८७ पट जास्त. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरही हाच पहारेकरी असतो. १९९४ सालचा तो शोधनिबंध विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा, असा माझा आग्रह आहे.

आता आपल्या दुकानातल्या फळीकडे येऊ. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन पेशीतल्या पीएक्सआर या ग्राहीला जागं करतं आणि पेशी जादा पंप बनवू लागते. १९९९ साली जर्मनीत आठ निरोगी स्वयंसेवकांवर हे तपासलं. रोज ६०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन दिल्यावर आतड्यातलं पी-ग्लायकोप्रोटीन सरासरी साडेतीन पट झालं, आणि तोंडाने घेतलेलं हृदयविकारावरचं डिगॉक्सिन रक्तात पूर्वीपेक्षा साधारण तीस टक्के कमी पोचलं. तेच डिगॉक्सिन शिरेतून दिलं तेव्हा फरक बराच किरकोळ होता. म्हणजे चोरी आतड्यातच होत होती.

याच्या उलट टोक म्हणजे मिरी-पिंपळीतलं पायपरिन. ते हा पंप आणि औषधांचं विघटन करणारं सीवायपी-३ए४ हे विकर दोन्ही रोखतं, हे २००२ मध्ये शरीराबाहेरच्या प्रयोगांत दिसलं. डिगॉक्सिनचा उपसाही त्याने अडवला. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या कामातून तर रिफाम्पिसिनबरोबर पायपरिन घालून रिफाम्पिसिनची मात्रा कमी केलेलं औषध निघालं. मिरी-पिंपळी असलेलं त्रिकटू सांगणाऱ्या वैद्यांना पी-ग्लायकोप्रोटीन ठाऊक होतं, असं मात्र कृपा करून कोणी म्हणू नये. त्यांचं निरीक्षण पक्कं होतं, तेवढं श्रेय पुरेसं आहे. आमटीतल्या मिऱ्याला घाबरायचं कारण नाही. पण हळदीच्या कॅप्सूलमध्ये पायपरिनचा अर्क घालून सर्रास विकतात, आणि ती 'आयुर्वेदिक' म्हणून गिऱ्हाईक डॉक्टरांना सांगत नाही.

खरी गोम रिफाम्पिसिन संपतं तेव्हा आहे. क्षयाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. त्या काळात रक्तातलं डिगॉक्सिन कमी पडलं म्हणून डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि ते बरोबरच आहे. मग कोर्स संपतो, घरात पेढे वाटले जातात, रिफाम्पिसिन बंद होतं. काही दिवसांत जादा पंप ओसरतात. वाढवलेली मात्रा मात्र तशीच चालू राहते, आणि आता तिचा आधीपेक्षा जास्त भाग रक्तात उतरतो. डिगॉक्सिनची गुणकारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं आहे. मळमळ, अन्नावरची वासना जाणं, पिवळसर दिसणं, नाडी मंदावणं या तक्रारी घेऊन रुग्ण आधी आपल्याच काउंटरवर येतो आणि ॲसिडिटीची गोळी मागतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. हृदयविकाराची औषधं चालू असलेला रुग्ण रिफाम्पिसिन सुरू करतो त्या दिवशी आणि ते बंद करतो त्या दिवशी, दोन्ही वेळा त्याच्या सगळ्या औषधांची यादी मागा, त्यात कॅप्सूल, काढे, चूर्णंही विचारा, आणि शंका आली तर त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावा.