सायकल आपल्या मापाची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी बाहेरगावच्या विदुषी येऊन आपल्याला चार गोष्टी सांगतात. या वर्षी चिटणीसबाईंनी ठरवले, की घरच्याच एकीने बोलावे, आणि ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याची विद्या माझ्यापाशी नाही. परंतु गेली तीन वर्षे मी रोज सायकलवरून चौलहून रेवदंड्याला जाऊन येते, आणि वाटेत तुमच्यातल्या कितीतरी जणी मला थांबवून काही ना काही विचारतात. त्या सगळ्या प्रश्नांना आज एकदमच उत्तरे द्यावीत, एवढाच माझा हेतू आहे.

मी सायकल का धरली ते आधी सांगते. माझी आई रेवदंड्याला एकटी असते. तिला मधुमेह आहे, नजर अधू झाली आहे. सकाळचे इन्सुलिनचे इंजेक्शन तिला स्वतःला घेता येत नाही; ते दिल्यावर मग तिची न्याहारी. म्हणजे मला उशीर झाला, की तिचे सगळेच लांबले. आमच्या घरापासून आईचे घर सुमारे तीन किलोमीटर. एस. टी. आपल्या वेळेने येणार, रिक्षा भरल्याशिवाय सुटणार नाही, आणि उन्हापावसात रोज पायी जाऊन परत घरचा स्वयंपाक गाठायचा म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. मुलगी कॉलेजात जाऊ लागल्यापासून तिची शाळेतली सायकल पडवीत उभी होती. लहानपणी मी चालवायला शिकले होते, तेव्हा तीच बाहेर काढली.

पंधरा दिवसांत माझे गुडघे दुखू लागले. शेजारणी म्हणाल्या, "अहो वहिनी, आता का आपले वय आहे सायकलीचे?" घरात यांचेही म्हणणे तेच पडले. मी नाक्यावरच्या सायकलच्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी मला सायकलवर बसवून पाहिले आणि म्हणाले, "काकू, ही सीट तेरा वर्षांच्या पोरीची आहे. तुमचा पाय सरळच होत नाही." त्यांनी सीट दोन इंच वर घेतली. आठवड्याभरात गुडघे दुखायचे थांबले. दुखणे माझ्या वयाचे नव्हते, सीटच्या उंचीचे होते!

भगिनींनो, आज मला जे सांगायचे आहे ते हेच. आपल्या वाट्याला सायकल येते ती बहुधा दुसऱ्याची: मुलाची जुनी, नवऱ्याची दांड्याची, नाहीतर दुकानात उभी असेल ती. दुसऱ्याच्या मापाचे पोलके अंगात घातले तर ते काखेत काचणारच. आपण ते उसवून बेतून घेतो. सायकल मात्र आपण तशीच चालवतो, आणि जमली नाही की "मला जमत नाही" म्हणून सोडून देतो. तीही बेतूनच घ्यायची असते. ती कशी, ते आता क्रमाने सांगते.

पहिले माप सीटचे. सीटवर बसून टाच पायडलावर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा चवडा पायडलावर येतो आणि गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढेच पाहिजे. ज्या नव्याने शिकत आहेत त्यांनी आधी दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवावी आणि भीती जाईल तशी अर्धा अर्धा इंच वर घ्यावी. सीटच्या दांडीवर एक खूण असते. ती खूण नळीच्या बाहेर दिसू देऊ नये, नाहीतर दांडी मोडण्याचा संभव असतो. हॅण्डल सीटइतके किंवा थोडे वर ठेवले, की पाठ वाकत नाही आणि समोरचा रस्ता नीट दिसतो.

दुसरी गोष्ट वस्त्राची. साडी असो, पंजाबी ड्रेसची ओढणी असो, चेन आणि मागचे चाक या दोन्ही ठिकाणी ती ओढली जाते. म्हणून चेनला पुरते झाकणारे कव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी, एवढे केल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. पदर खोचूनच बसावे.

तिसरी गोष्ट ओझ्याची. जाताना आईचा डबा आणि औषधे, येताना रेवदंड्याच्या बाजारातली भाजी, कधी आईच्या आवारातले नारळ. पिशवी हॅण्डलला अडकवण्याची आपल्याला फार सवय. ती पिशवी वळणावर झोके घेते, हॅण्डल ओढते आणि एखादे वेळी चाकात जाते. ओझे मागे आणि शक्य तितके खाली असावे. मी कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोन टोपल्या बांधून घेतल्या आहेत. कावडीचा न्याय इथेही लागू आहे: दोन्हीकडे सारखे वजन. सोललेला नारळ साधारण अर्ध्या किलोचा धरला, तर एकीकडे चार आणि दुसरीकडे चार, असे आठ नारळ मी सहज आणते. सहा एकीकडे आणि दोन दुसरीकडे घातले तर सायकल सरळ चालत नाही. एका पायाच्या स्टँडवर भरलेली सायकल कलंडते, म्हणून दोन पायांचे स्टँड लावून घेतले.

चौथी गोष्ट वाऱ्याची. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. उन्हाळ्यात दुपार चढली, की वायव्येकडून खारा वारा सुटतो. रेवदंडा आपल्या दक्षिणेला. म्हणजे भरल्या टोपल्या घेऊन परत येताना वारा नेमका समोरून! इथे माझे सातवीचे गणित उपयोगी पडले. माझ्या सायकलला पुढचे चक्र ४४ दात्यांचे आणि मागचे, ज्याला फ्रीव्हील म्हणतात ते, १८ दात्यांचे होते. पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरे. २६ इंची चाकाचा घेर सुमारे ८२ इंच. म्हणजे एका फेऱ्यात सायकल सुमारे २०० इंच, पाच मीटर पुढे जाई. मिस्त्रींनी १८ च्या जागी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले आणि चेनीत एक जोड वाढवला. आता चाक दोनच वेळा फिरते आणि सायकल चार मीटरांहून थोडी पुढे जाते. वेग थोडा उणावला, पण पायावरचा भार जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी झाला. गिअरची महाग सायकल न घेता हे काम झाले, आणि खर्च माझ्या भिशीच्या एका हप्त्यातून भागला.

पाचवी गोष्ट ब्रेकची. पावसाळ्यात चाकाची रिम ओली असते. ब्रेक दाबला, की पहिला एकदोन फेरे रबर नुसते पाणी पुसते, मग पकड येते. म्हणून पावसात नेहमीपेक्षा बऱ्याच आधी आणि दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबावेत. ब्रेकचे रबर रिमला लागते की टायरला घासते, हे महिन्यातून एकदा बसून पाहावे. टायरला घासत असेल तर टायर कापला जातो.

सहावी गोष्ट दिव्याची. शनिवार-रविवारी अलिबागेहून पाहुण्यांच्या मोटारी किती वेगाने येतात ते तुम्ही जाणताच. पहाटे अंधारात निघणारीने मागे लाल दिवा लावलाच पाहिजे. डायनामोचा दिवा चाक थांबले की विझतो. म्हणून मागे बॅटरीवरचा दिवा बरा. उजव्या हाताला छोटा आरसा लावला, की मान न वळवता मागची मोटार दिसते. आपल्या पाखाडीतल्या अरुंद वाटांवर मात्र घंटीच कामाची. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, वळणापलीकडे कोण येते ते दिसत नाही.

शेवटची गोष्ट गंजाची. समुद्राची हवा लोखंडाला खाते, हे आपल्या विळीलाही ठाऊक आहे. किनाऱ्याच्या वाटेने जाऊन आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने सायकल पुसावी, लगेच कोरडी करावी. आठवड्यातून एकदा चेन रॉकेल किंवा डिझेल लावलेल्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि वरचे जास्तीचे तेल टिपून घ्यावे. नाहीतर त्यावर वाळू बसते. आपल्याकडे खोबरेल मुबलक, म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. ते थंडीत गोठते आणि चिकट होऊन धूळ धरते; ते आपल्या केसांनाच ठेवावे! सीटची दांडी वर्षातून दोनदा काढून ग्रीस लावून परत बसवावी. गंजून बसलेली दांडी मग हातोड्यालाही दाद देत नाही.

हे सारे ऐकून एखादी म्हणेल, की एवढी उठाठेव बायकांनी कशाला करावी? तिला मी दोन-तीन गोष्टी सांगेन. हवेचे टायर १८८८ मध्ये डनलॉप नावाच्या गृहस्थाने पुढे आणले. तो जनावरांचा डॉक्टर होता. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळे, म्हणून त्याने ती घरच्या घरी सुधारली. म्हणजे एवढा मोठा शोधसुद्धा घरातल्या माणसाची अडचण पाहूनच लागला. अमेरिकेतल्या फ्रान्सेस विलर्ड या बाई वयाच्या ५३व्या वर्षी सायकल शिकल्या. रोज थोडा थोडा वेळ असा सुमारे तीन महिने त्यांनी सराव केला आणि १८९५ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. तेव्हा आपल्यातल्या चाळिशीच्या बायकांनी वयाचे कारण सांगू नये.

आणि आपल्या देशातले उदाहरण तर त्याहून मोठे आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोहीम चालू होती. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत या बाईंनी त्या मोहिमेतच बायकांना सायकल शिकवणे घातले. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, गावात नर्स असलेल्या अशा हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांड्याच्या सायकली घेतल्या. आणि काहींना तर तीच आवडली, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते. पाहा, ज्या दांड्याची आपल्याला अडचण वाटते, त्यात त्या माउलींना मुलाची जागा दिसली. आपल्याला कोणाला न्यायचे, काय आणायचे, कुठून जायचे, हे पाहून त्यांनी सायकल निवडली.

आपल्या मंडळातही गरजा कमी नाहीत. कोणाला बँकेत जायचे असते, कोणाला दवाखान्यात, कोणाच्या सुनेला शिवणाच्या कामाचे कपडे पोचवायचे असतात. प्रत्येक वेळी "कोणीतरी सोडील का?" म्हणून दारात उभे राहायचे, आणि कोणी मोकळे नसले तर काम उद्यावर टाकायचे. आईच्या इंजेक्शनाला उद्या चालत नाही, म्हणून मी हे शिकले. तुमचीही अशी कामे असतील, जी उद्यावर टाकून तुम्ही मनातल्या मनात चुटपुटत असाल.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. या वर्षीच्या शिलकेतून एक चांगला हवेचा पंप, पान्यांचा एक संच, पंक्चर काढायची पेटी आणि तेलाची डबी एवढे सामान घेऊन मंडळाच्या कपाटात ठेवावे. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी ज्यांच्या घरी सायकल पडून आहे त्यांनी ती घेऊन यावे. सीटचे माप, ब्रेक आणि चेन एवढे मी पाहून देईन. त्यापुढचे काम मिस्त्रींकडे न्यावे. ज्यांना चालवता येत नाही त्यांची सायकल मागून धरायला माझी मुलगी कॉलेजच्या सुट्टीत तयार आहे. तिने हे आपणहून कबूल केले आहे, आणि तिच्या सायकलवर आता माझा हक्क झाला, याबद्दल तिची काही तक्रार नाही!

पहिल्या रविवारी किती सायकली येतात ते पाहू. चारच आल्या तरी पुष्कळ झाल्या.