जकातीचा सांडवा कोणाच्या हातीं?

(नळदुर्ग येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्या कढईंतलें तेल कोठून येतें, याचा विचार आपण करितों काय? पूर्वीं करडई, जवस, भुईमूग आपल्याच रानांत पिकत व गांवचा तेली घाण्यावर तेल गाळी. तेल माणसांस, पेंड गुरांस, शेण पुन्हां जमिनीस. करडई तर काळ्या रानाच्या ओलीवरच येणारें पीक. टिकाऊ विकास म्हणतात तो याहून निराळा नव्हे.

आज देशांत लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक परदेशाहून येतें. त्यांत पामतेल फार. तें मुख्यत्वें इंडोनेशिया व मलेशिया येथून. तिकडे त्या लागवडीसाठीं जंगलें तुटलीं. इकडे घाणे थांबले. तेल जहाजानें आलें, पेंड मात्र आली नाहीं.

या देशांच्या आसियान संघाशीं भारतानें १३ ऑगस्ट २००९ रोजीं खुल्या व्यापाराचा करार केला. करारानेंच आपले हात बांधले, असें कोणी म्हणेल. तें पुरतें खरें नव्हे. त्या करारांतही कच्च्या पामतेलावर शेंकडा ३७.५ पर्यंत जकात ठेवण्यास मोकळीक आहे. तरी मे २०२५ मध्यें सरकारनें कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवरील मूळ जकात शेंकडा २० वरून १० वर आणिली. त्याच हंगामासाठीं सोयाबीनचा आधारभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. परंतु पुष्कळांना आडतींत त्याहून कमी भावानें माल घालावा लागला.

स्वस्त तेलानें लोहार, कुंभार, मजूर यांच्या घरीं दिलासा मिळतो, हें मी नाकारीत नाहीं. पण शेतकरी बुडाला तर लोहाराकडे फाळ शेवटावयास कोण येईल? मजुराला काम कोण देईल?

आपल्या किल्ल्यांतला बोरी नदीवरचा बंधारा पाहा. तो पाणी अडवितो, आणि पूर आला कीं नर-मादीच्या सांडव्यांतून जास्तीचें वाहूं देतो. त्यानें नदी बंद केली नाहीं, मोकाटही सोडली नाहीं. जकात अशीच असावी: सुगींत चढी, टंचाईंत उतरती.

१० मार्च २०२४ रोजीं स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिख्टेनश्टाइन यांच्याशीं झालेल्या करारांत टिकाऊ विकासाचें स्वतंत्र प्रकरण आहे. कागदावर तें आलें. रानांत आणणें आपल्या हातीं आहे. म्हणून ग्रामसभेंत ठराव करा: सुगीच्या तोंडावर जकात उतरवूं नये, आणि आधारभावाची खरेदी काढणीबरोबर सुरू व्हावी. रब्बींत चार ओळी करडईच्या पेरा. आणि मुलामुलींना इतकें शिकवा कीं आपल्या नांवानें होणारा करार त्यांना स्वतः वाचतां यावा. न वाचतां अंगठा देण्याचें मोल आपल्या वाडवडिलांनीं पुष्कळ भरलें आहे.