घराच्या पायाखालचा कागद

(कर्जत येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कर्जत हा अवर्षणप्रवण तालुका. पाऊस दगा देतो तेव्हा घर सोडून परमुलखात राहणे म्हणजे काय असते, हे येथील माणसाला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. म्हणूनच आज मी आपल्यापुढे एक प्रश्न मोकळेपणाने मांडणार आहे. आपल्या गावाच्या शिवेवर येऊन थांबलेल्या, पण गावात अद्याप न पोचलेल्या कुटुंबांना हक्काचे घर कसे मिळेल, हा तो प्रश्न.

ही कुटुंबे कोणती, हे आपण जाणता. नंदीवाले, वैदू, घिसाडी, कैकाडी, गोसावी, पारधी अशा समाजांतील ही माणसे. कोणी नांगराचा फाळ शेवटून दिला, कोणी कणग्या विणल्या, कोणी जडीबुटी दिली. गावगाड्याला त्यांची गरज होती, परंतु गावठाणात त्यांना जागा नव्हती. पुढे यंत्रे आली, बाजार बदलला आणि फिरस्तीचा धंदा बसला. पाल ज्या माळावर पडले, तेथेच ते राहिले. बाकीची माणसे मात्र त्यांना आजही ‘बाहेरून आलेले’ असेच म्हणतात.

पूर्वपीठिका

या समाजांपैकी अनेकांना शासनाने प्रथम जागा दिली ती तारेच्या कुंपणात. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. शेजारच्या सोलापुरातील सेटलमेंट हे त्याचेच उदाहरण. 31 ऑगस्ट 1952 रोजी हे समाज विमुक्त झाले. कुंपण निघाले, पण कुंपणाबाहेर त्यांच्यासाठी जागा कोठे होती?

निराश्रितांना वसविणे आपल्या राज्याला अशक्य आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे 1 लाख लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरले. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे 1954 च्या विस्थापितविषयक कायद्यानुसार जागा राहणाऱ्यांच्या मालकीची होत गेली. आपण राहतो ती जागा आपली, हे ठरल्यावरच तेथे व्यापार व कारखानदारी यांनी मूळ धरले. छावणीचे शहर होण्यास विटांइतकाच मालकीचा कागदही कारणीभूत झाला, हा त्यातील धडा होय.

अडचणीचे मूळ

घरकुलासाठी योजना नाहीत असे नाही. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 साली सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशातील घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये आणि किमान 25 चौरस मीटर क्षेत्र ठरले. रमाई व शबरी या योजना आहेत. परंतु यांतील प्रत्येक योजना एक गोष्ट गृहीत धरते. ती म्हणजे पायाखालची जागा. ज्याच्याजवळ जागाच नाही, त्याचे नाव यादीत येऊनही घर उभे राहत नाही.

दौऱ्यावर असताना अशाच एका वस्तीवर मी थांबलो होतो. एका आजीबाईंनी पत्र्याच्या पेटीतून कागदांची पुरचुंडी काढली. मतदार ओळखपत्र होते, नातवाच्या शाळेचे प्रगतिपुस्तक होते. जातीचा दाखला नव्हता. भटक्या व विमुक्त जातींच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजीबाई म्हणाल्या, “साहेब, तवा आमचं घर गाढवाच्या पाठीवर हुतं. त्याचा उतारा कोन देनार?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरासाठी दाखला हवा आणि दाखल्यासाठी जुने घर हवे, या चक्रात त्यांच्या दोन पिढ्या गेल्या होत्या.

गायरानाचा पेच

दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. एका सरपंचांनी मला विचारले, “आमच्याच भावकीला गावठाण पुरेना, गायरान दिले तर दुष्काळात जनावरे कोठे न्यायची?” हा आक्षेप खोटा नाही. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग प्रकरणात दिला आहे. मात्र त्याच निकालात अपवादही नमूद आहेत. शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना दिलेली जमीन हा त्यांतील एक. गायरान गिळणारा धनदांडगा आणि गायरानाच्या कडेला पाल टाकणारा भूमिहीन यांत न्यायालयाने फरक केला आहे. तो आपणही केला पाहिजे.

शिवाय गायरान हा एकच मार्ग नव्हे. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना 2011 साली नेमकी याच समाजांसाठी आखण्यात आली. तीत 20 कुटुंबांची एक वसाहत, प्रत्येक कुटुंबास 5 गुंठे जागा आणि 269 चौरस फुटांचे घर अशी मूळ रचना होती. उरलेल्या जागेत शेळी बांधता यावी, भाजीपाला लावता यावा, हा हेतू. 20 कुटुंबांसाठी लागणारी जमीन सुमारे 1 हेक्टर. एवढी जमीन गावाच्या चराईवर घाला घालणारी म्हणता येईल काय? आणि सरकारी जमीन नसेलच, तर 2015 च्या पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून घरकुलाची जागा खरेदी करण्यास साहाय्य मिळते. आरंभी त्याची मर्यादा 50 हजार रुपये होती. ती पुढे वाढविण्यात आली.

प्रत्येकाचा वाटा

योजना वरून येते, पण माणूस आपला आहे हे गावाने म्हणावे लागते. म्हणून तीन विनंत्या करतो.

पहिली शिक्षकांस. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. पालावरचे मूल पटावर घेताना त्याचे नाव, जन्मस्थळ व जात नीट विचारून, शुद्ध व पूर्ण लिहा. शाळेच्या रजिस्टरातील ती एक ओळ उद्या त्याच्या नातवाचा पुरावा ठरणार आहे. घाईने लिहिलेल्या एका अक्षरापायी पुढे कुटुंबाला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

दुसरी पंचायत सदस्यांस. आपल्या गावात किती कुटुंबे जागेवाचून आहेत, त्यांची नावे येत्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि ठरावात घ्या. जेथे पूर्वीपासून घर आहे, तेथे ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये त्याची नोंद करण्यास नियमाने काय हरकत आहे, हे लेखी विचारा. नोंद होईल तेव्हा पती-पत्नी दोघांची नावे लावा. ऊसतोडीच्या हंगामात पाठीमागे राहिलेल्या बाईच्या डोक्यावरचे छप्पर त्याने पक्के होते.

तिसरी आम्हां अधिकाऱ्यांस, म्हणजे मलाही. कागद आणा, असे सांगून माणूस परत पाठविणे सोपे असते. ग्राम महसूल अधिकारी, ज्यांना गाव अद्याप तलाठीच म्हणते, आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी एक दिवस दप्तर घेऊन वस्तीवर बसावे. वयोवृद्धांचे जबाब, शेजारच्या गावांतील नोंदी, नातेवाइकांचे दाखले तेथेच पडताळावेत. आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर कचेरीत नाही, ते अशा चौकशीत आहे.

बंधुभगिनींनो, आपला जिल्हा आज अहिल्यादेवींच्या नावाने ओळखला जातो. त्यांचे जन्मगाव चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात आहे. त्यांनी वाटसरूसाठी धर्मशाळा व विहिरी बांधल्या, हे आपण नेहमी सांगतो. वाट अडविणाऱ्या भिल्लांचा बंदोबस्त करताना त्यांना जमिनी देऊन, वाटेच्या रक्षणाचे काम सोपवून त्यांनी स्थिर केले, हे मात्र क्वचितच सांगतो. वाटसरूला एका रात्रीचा आसरा देणे हे पुण्य खरे; परंतु वाट संपलेल्या माणसाला कायमचा पत्ता देणे हे राज्याचे आणि गावाचे कर्तव्य आहे.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने एका जरी कुटुंबाच्या पायाखाली हक्काची जागा दिली, तरी आजच्या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी मानीन. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.