मनाची राखण
(गणपतीपुळे येथे नवदीक्षित कुटुंबांसमोर केलेले भाषण)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील तिसऱ्या प्रतिज्ञेत गौरी-गणपतीची उपासना न करण्याचा निर्धार आहे. ज्या गावी टेकडीलाच देव मानून प्रदक्षिणा घातली जाते, तेथे हा निर्धार पाळणे किती कठीण आहे, हे तुम्हांला सांगावयास नको. ती श्रद्धा बाळगण्याचा अधिकार शेजाऱ्यांना आहे. ती सोडण्याचा अधिकार तुम्हांला आहे. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने दोघांचेही स्वातंत्र्य मान्य केले आहे.

परंतु घटना मनात शिरून पहारा करीत नाही. भाद्रपद येतो, घरात मखर नसते, आणि नेमके त्याच वेळी मूल तापाने फणफणते. आईच्या मनात येते, 'देवाचा कोप तर नसेल?' हा विचार तिने बोलाविलेला नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तो आला याची लाज बाळगू नका. मात्र आलेल्या विचाराला पाट मांडून बसवावयाचे की निरोप द्यावयाचा, हे आपल्या हाती आहे. अष्टांगिक मार्गातील सम्यक् व्यायाम तो हाच.

मज्झिमनिकायातील द्वेधावितक्क सुत्तात भगवंतांनी स्वतःचा अनुभव सांगितला आहे. बोधिप्राप्तीपूर्वी त्यांनी आपल्या विचारांचे दोन भाग केले. एका बाजूस काम, द्वेष आणि हिंसा यांचे विचार. दुसऱ्या बाजूस त्यांच्या विरुद्धचे. कसोटी एकच: या विचाराने माझे अथवा दुसऱ्याचे अहित होते काय? ज्या विचाराला मनुष्य वारंवार घोळवितो, त्याच बाजूस त्याचे मन झुकते, असे त्यांनी बजाविले.

आम्ही वकील साक्षीदाराची उलटतपासणी करतो. तशी या भीतीची करा. तुझा पुरावा कोणता? मखर मांडणाऱ्या घरांतील मुले आजारी पडत नाहीत काय? तुझे ऐकून नवस बोलत बसलो, तर दवाखान्यात जाण्यास जो विलंब होईल, त्याची जबाबदारी कोणाची? एवढ्यानेही ती हटली नाही, तर वितक्कसंठान सुत्तातील सुताराचे स्मरण करा. तो बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो. भीतीच्या जागी मुलाविषयीची मैत्री आणि औषधपाण्याची चिंता ठेवा.

कोणी विचारील, 'अन्याय झाला तर तोही विचार सोडावा काय?' मुळीच नाही. सोडावयाचा तो द्वेष, न्याय नव्हे. सूडाचा विचार हात उगारावयास लावतो आणि फिर्यादीलाच आरोपी करून ठेवतो. न्यायाचा विचार दिवस, वेळ व साक्षीदार यांची नोंद करून पोलीस ठाण्याची पायरी चढावयास लावतो. १९९० साली अनुसूचित जातींसंबंधीच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही समावेश झाला. म्हणून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण धर्मांतराने जात नाही. मुकाट्याने सोसणे म्हणजे मनःशांती, असे कोणी सांगितले तर त्याही विचाराची उलटतपासणी घ्या.

रोज सायंकाळी त्रिशरण-पंचशील झाल्यावर घरातील प्रत्येकाने दिवसभरातला एक विचार आठवावा आणि त्याला वरील कसोटी लावावी. मुलांनाही यात घ्या. त्यांना धाक दाखवू नका.

त्याच द्वेधावितक्क सुत्तात एक गुराखी आहे. पावसाळ्याच्या अखेरीस पीक दाट उभे असताना तो काठी घेऊन गुरांना शेतापासून वारतो. कापणी होऊन धान्य घरी आले की झाडाखाली बसून गुरांकडे नुसते लक्ष ठेवले तरी पुरते. कोकणातील शेतकऱ्याला हे समजाविण्याची गरज नाही. आपल्या घरांत धम्माचे पीक अद्याप उभे आहे. आज काठी खाली ठेवू नका.

जय भीम!