गायब होणाऱ्या तळ्यांचा नकाशा

इअरफोन कानात आहेत ना? मग फोनवर नकाशा उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि अलास्काच्या पार उत्तर टोकाला जा. दिसली? हजारो लांबट तळी, जणू कोणी एकाच दिशेने कंगवा फिरवलाय. हा टुंड्रा. झाडं नाहीत, रस्ते जवळजवळ नाहीतच. मग इथला नकाशा काढला कसा?

१९५०च्या दशकात विमानातून फोटो काढले, त्यांवरून नकाशे बनले. पुढे कित्येक दशकं तेच वापरात होते. आज उपग्रह आहेत. पाणी निअर-इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतं, म्हणून त्या फोटोत तळं काळंभोर दिसतं आणि कॉम्प्युटरला ते ओळखता येतं. पण जूनमधला फोटो घेतलात तर फसाल! मोठ्या तळ्यांवर तेव्हा अजून बर्फ असतो आणि भोवतालच्या जमिनीवर वितळलेलं पाणी साचलेलं असतं. ओढे तर त्याहून अवघड. काही ओढे म्हणजे छोट्या छोट्या डबक्यांची माळ. मणी दिसतात, दोरा दिसत नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. म्हणजे, गंमत कसली म्हणा! ही तळी जागेवर राहतच नाहीत. त्यांच्या खाली आणि भोवती वर्षानुवर्षं गोठलेली जमीन असते, पर्माफ्रॉस्ट. ती वितळली की आधी जमीन खचते आणि तळं पसरतं. मग कधीतरी काठ फुटतो किंवा तळाला वाट मिळते आणि पाणी निघून जातं. सैबेरियात शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकातले आणि १९९७-९८चे उपग्रह फोटो शेजारी ठेवून पाहिले. ४० हेक्टरांहून मोठी तळी १०,८८२ होती, ती ९,७१२ उरली. १२५ तर पूर्ण आटली.

२०१६मध्ये अलास्कातल्या पॉइंट ले या इन्युपियाट गावाचं पिण्याच्या पाण्याचं तळं असंच रिकामं झालं. नकाशात निळा ठिपका होता, पण तिथे पाणी नव्हतं.

म्हणून टुंड्राचा नकाशा एकदा काढून भिंतीवर लावता येत नाही. तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. डिसेंबर २०२२मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह आता मोठ्या तळ्यांच्या पाण्याची उंचीसुद्धा मोजतो.

तर पुढच्या वेळी नकाशावर निळा रंग दिसला की एक प्रश्न नक्की विचारा: हे पाणी कुठल्या तारखेचं?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!