गाडीतला दिवा का विझतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. येथे बोलून गेलेल्या बायका माझ्याहून कितीतरी शिकलेल्या. पण त्या म्हणाल्या, “तुमच्या त्या गाडीतली वीज तुम्ही घरच्या घरी कशी दुरुस्त करता, तेवढेच सांगा.” ते मला सांगता येईल, म्हणून उभी राहिले आहे.

आमची गाडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. गल्लीच्या तोंडाशी असते ती जुनी व्हॅन. मागच्या सीट काढून आमच्या ह्यांनी तीत दोन फळ्यांचे पलंग, पाण्याची टाकी, लहान पंप, एक पंखा आणि दोन दिवे बसवून घेतले. दर आषाढी वारीला ती आमच्या दिंडीच्या मागोमाग आळंदीहून पंढरपूरला जाते. पाय सुजलेल्या, ताप आलेल्या म्हाताऱ्या बायका रात्री तीत निजतात. तेव्हा तीत दिवा असणे ही चैन नव्हे. आमच्या दिंडीत एस. टी. च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्या हाताखाली बॅटरी धरता धरता मी हे काम शिकले.

पहिली गोष्ट ही की, गाडीतली वीज घरच्या विजेसारखी नसते. घरात 230 व्होल्ट, गाडीत 12. घरात दिव्याला दोन तारा जातात. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच तार जाते आणि वीज परत येते ती गाडीच्या लोखंडी अंगातून. बॅटरीची वजा बाजू त्या लोखंडाला बोल्टने बांधलेली असते. कारागीर त्याला अर्थ म्हणतात. म्हणजे वीज गेली पाहिजे, तशी परतही आली पाहिजे. परतीच्या वाटेवर गंज, रंगाचा थर किंवा सैल बोल्ट असला, तर नवा दिवा आणूनही तो मिणमिणतच राहतो.

म्हणून काही बंद पडले की मी वस्तूला हात लावत नाही. बॅटरीपासून निघते आणि वस्तूपर्यंत चालत जाते. बॅटरी, मग फ्यूज, मग स्विच आणि जोड, मग अर्थ, आणि सर्वांत शेवटी वस्तू. बहुतेक वेळा दोष जोडात सापडतो, वस्तू चांगली असते.

बॅटरीचे असे. गाडी दोन-तीन तास उभी असावी, दिवे बंद असावेत. मीटर लावल्यावर 12.6 च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली. 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा 14 च्या जवळ चढला पाहिजे. चढला नाही तर बॅटरी भरली जात नाही असे समजावे आणि आधी आल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का ते पाहावे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. मग पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे.

फ्यूजसाठी मीटरही लागत नाही. बारा व्होल्टचा लहान बल्ब घ्यावा, त्याला दोन तारा जोडाव्यात, एकीला चिमटा आणि दुसरीला दाभण. चिमटा उघड्या लोखंडाला लावावा, स्विच चालू ठेवावा आणि दाभण फ्यूजच्या एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला टेकवावा. दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज चांगला. एकाच बाजूला लागला तर फ्यूज गेलेला.

आता जी खुबी मला फार उपयोगी पडली ती सांगते. एका वर्षी आमचा पंप रडतखडत चालू लागला. पंपाची तार सोडवून मीटर लावला तर बारा व्होल्ट पूर्ण! कारागीर म्हणाला, “पंप गेला, नवा घ्या.” काका म्हणाले, “तार जोडा, पंप चालू ठेवा आणि मग मोजा.” कारण खराब जोडातून थोडी वीज गेली तर ती मीटरला पुरते, पण पंपाला पुरत नाही. आम्ही पंप चालू ठेवला. मीटरचे एक टोक पंपाच्या वजा तारेला आणि दुसरे बॅटरीच्या वजा टर्मिनलला लावले. तेथे जवळजवळ शून्य यायला हवे, आले तीन व्होल्ट. बारातले तीन वाटेतच सांडत होते. बोल्ट काढला तर खाली गंजाची खपली! ती घासून लोखंड उघडे केले, बोल्ट परत आवळला आणि पंप जोरात चालू लागला. तोच पंप आजही चालतो. हीच तपासणी अधिकच्या बाजूलाही करता येते.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. साठ वॉटच्या वस्तूला घरी पाव अँपियरच्या आसपास प्रवाह लागतो, पण बारा व्होल्टवर तिलाच पाच अँपियर लागतो. म्हणून गाडीत घरच्या दिव्याची बारीक तार वापरू नये, ती तापते. आणि फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी. तार तापून पेटण्याआधी फ्यूजने वितळावे, हेच त्याचे काम. पात्यासारख्या फ्यूजवर आकडा लिहिलेला असतो, रंगही ठरलेले असतात. दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. दहाच्या जागी दहाचाच घालावा.

2023 सालच्या वारीपूर्वी एका गॅरेजमध्ये दिव्यांचा फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी तांब्याची तार पिळून बसवली होती. आम्हांला कोणी सांगितले नाही. सासवडच्या मुक्कामात रात्री मला जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. पलंगावर दोन आजी झोपल्या होत्या. फळीला हात लावला तर ती गरम! त्यांना उठवून बाहेर काढले आणि पान्याने बॅटरीची वजा तार सोडवली. सकाळी फळी उचलून पाहिले. लोखंडाच्या कडेवर घासून तारेचे आवरण फाटले होते आणि वीतभर तार कोळशासारखी काळी झाली होती. फ्यूज वारंवार जात होता तो हेच सांगण्यासाठी. नवी तार टाकली, कडेला रबर बसवले, दहाचा फ्यूज घातला. त्यानंतर तो एकदाही गेलेला नाही.

म्हणून भगिनींनो, फ्यूज दुसऱ्यांदा गेला की मोठा फ्यूज शोधू नका, दोष शोधा. चांदीचा कागद, केसांची पिन, तारेचा तुकडा, यांतले काहीही तेथे घालू देऊ नका.

काम करताना धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र पोलक्यात खोचा. बॅटरीची अधिक बाजू आणि लोखंड यांच्यामध्ये धातू आला की तो क्षणात तापून लाल होतो. काचेच्या बांगड्यांना ही भीती नाही. सोडवताना वजा तार आधी सोडवावी, जोडताना शेवटी जोडावी. बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ उदबत्ती किंवा काडी नको. आणि गाडीत इन्व्हर्टर असेल तर त्याच्यापुढची 230 व्होल्टची वीज जाणत्या माणसावर सोपवा. तेथे मीही हात घालत नाही.

पूर्वी गाडी गॅरेजात नेली की कारागीर आमच्या ह्यांच्याशीच बोले. आता मी विचारते, “पंप चालू असताना किती व्होल्ट आले?” मग तो मीटर काढतो आणि माझ्यासमोर मोजतो.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. आपल्या कपाटात एक मीटर आणि एक बल्बची तार असावी. मीटर काही फार महाग नसतो. ज्यांच्याकडे टेंपो, रिक्षा किंवा जुनी मोटार आहे, त्यांच्या घरच्या बायकांनी रविवारी दुपारी आमच्या गाडीपाशी यावे. मला येते तेवढे मी दाखवीन.