मारुती कांबळे आणि आपण



दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत गुन्ह्याच्या चित्रपटांची जी एक काळोखी परंपरा निर्माण झाली, आणि जिला १९४६ च्या सुमारास फ्रेंच समीक्षकांनी ‘फिल्म न्वार’ हे नाव दिले, तिचा नायक पुष्कळदा अट्टल दरोडेखोर नसून विम्याचा विक्रेता किंवा त्याच्यासारखाच चारचौघांतला मनुष्य असे. कोएन बंधूंनी २००१ साली ‘द मॅन हू वॉझन्ट देअर’ या कृष्णधवल चित्रपटाने त्या परंपरेला पुन्हा उजाळा दिला, तेव्हा त्यांनीही १९४९ सालच्या कॅलिफोर्नियातील एका अबोल न्हाव्याला नायक केले. या न्हाव्याच्या हातून एक खून होतो, आणि देहान्ताची शिक्षा मात्र त्याने न केलेल्या भलत्याच खुनाबद्दल होते.

परंतु सामान्य माणूस गुन्ह्याचा कर्ता नसून गुन्ह्याचा बळी असेल, तर त्याची कथा कोणी सांगावी? हा प्रश्न मराठीत त्याआधी पाव शतक जब्बार पटेल यांनी ‘सामना’ या आपल्या पहिल्याच चित्रपटात घेतला होता. विजय तेंडुलकरांची पटकथा आणि रामदास फुटाणे यांची निर्मिती लाभलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. १९७२ च्या ‘पिंजरा’ने मराठी प्रेक्षकांना रंगांची मोहिनी घातली असतानाही तो कृष्णधवलच राहिला, हे कथेच्या प्रकृतीला सर्वथा साजेसे झाले.

साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे-पाटील दारूच्या आहारी गेलेल्या एका वृद्ध मास्तरांना आश्रय देतात. स्वातंत्र्यलढ्यात उमेद वेचलेल्या या पाहुण्याला ते मोठ्या अगत्याने आपले वैभव दाखवीत असता, मारुती कांबळे नावाच्या एका साध्या माणसाचा उल्लेख मास्तरांच्या कानी पडतो, आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच ते विचारू लागतात. कोणी विषय बदलतो, कोणी मान खाली घालतो. निळू फुले यांचा हिंदूराव आवाज न चढवता बोलतो आणि त्या मवाळ बोलण्यातच दरारा भरून असतो, तर डॉ. श्रीराम लागू यांचे मास्तर अडखळत्या पावलांनी, पण न अडखळता, तोच प्रश्न पुन्हा करतात. मोहन आगाशे यांनी उभा केलेला मारुती पडद्यावर फारसा दिसत नाही, तरी प्रत्येक प्रसंगात त्याची उणीव जाणवत राहते. खुनाइतकाच भयंकर असा दुसरा गुन्हा येथे उघड होतो: एक माणूस नाहीसा झाला आणि साऱ्या गावाने त्याची दखल न घेण्याचे ठरविले!

वैनगंगेच्या काठी, पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या परिसरात राहणाऱ्या आम्हा लोकांना ही कथा परकी वाटत नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते ज्या धरणाची कोनशिला बसली, त्याचे पाणी सुमारे अडीच लाख हेक्टर जमिनीला मिळावे, हा संकल्प निःसंशय थोर आहे, आणि धानाच्या या मुलखाला त्या पाण्याची गरजही आहे. परंतु बुडिताच्या गावांत सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार होता, तसा दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारा मजूरही होता, आणि नदीवर जाळे टाकून पोट भरणारा ढिवरही होता. ज्याच्या नावे जमीनच नाही, त्याला जमिनीचा मोबदला कोठला? नवीन गावठाणात त्याला घरापुरती जागा मिळाली, तरी त्याची नदी आणि त्याचा रोजगार कोणत्या फेरफारात नोंदवावयाचा? येथे कोणी खून केला, असे मी म्हणत नाही. विकासाच्या भव्य दर्शनात लहान माणूस दृष्टीआड होतो, आणि तो कोठे गेला हे विचारण्याचे आपण विसरतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘सामना’चे मोठेपण मला याच ठिकाणी वाटते. सत्याचा शोध घेण्यासाठी त्याने हुशार गुप्तहेर किंवा रुबाबदार फौजदार निवडला नाही. व्यसनाने मोडलेल्या, अधिकार आणि प्रतिष्ठा यांपैकी काहीच हाती न उरलेल्या एका शिक्षकाला निवडले. याचा अर्थ असा की, विचारणा करण्यासाठी माणसाने निष्कलंक असावे लागत नाही आणि सत्ताधीशही असावे लागत नाही. चिकाटी तेवढी लागते. ग्रामसभेत, तलाठ्याच्या दप्तरासमोर किंवा शेजाऱ्याच्या ओसरीवर, यादीत नसलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याची चौकशी करणे, हे नागरिकाचे सर्वांत साधे आणि सर्वांत अवघड कर्तव्य आहे, आणि ते आपल्यापैकी कोणालाही आजपासून करता येण्यासारखे आहे.